मदत हवी आहे: आगळ-सोलांचा ब्रँड करायचाय, एजन्सीच्या हातात काय काय द्यायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही सत्तरीतले, वाळपईजवळचे. घरचं कुळागर आहे, त्यात भिरंडीची म्हणजे कोकमाची झाडं, आणि सासूबाई नि वाड्यावरच्या बायका मिळून दरवर्षी आगळ (मिठातला कोकमाचा रस), सोलां (आमसुलं) नि सरबताचा अर्क करतात. माल लोकोत्सवात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि ओळखीच्या होमस्टेंमध्ये जातो, लेबल म्हणजे झेरॉक्सवाल्याकडचा स्टिकर. आता पर्यटक मुंबई-पुण्याला परत गेले की कुरियर करा म्हणून मेसेज टाकतात, त्यामुळे यंदा नीट ब्रँड करायचा असं घरात ठरलंय. सासूबाई सोडून. त्या म्हणतात लेबल झकपक केलं म्हणून आगळ जास्त आंबट होणारेय का.

तर दोन पर्याय समोर आहेत. एक मुंबईची एजन्सी, ती नाव, लोगो, पॅकिंग, वेबसाइट, इन्स्टा, जाहिराती सगळं बघणार, दर महिन्याला रिटेनर म्हणजे ठरलेली फी आणि वर जाहिरातीच्या खर्चावर टक्केवारी, वर्षभराचा करार. डोमेन नि अॅड अकाउंट ते त्यांच्याच लॉगिनमधून काढतो म्हणतात, तुम्ही कशाला टेन्शन घेता. दुसरा पर्याय म्हणजे पणजीतली एक डिझायनर फक्त लोगो-लेबल करेल, छपाई बेळगावला आणि जाहिरातींचं मग बघू. एफएसएसएआयचं (खाण्याच्या मालाचं सरकारी) रजिस्ट्रेशन आहे, जीएसटी नाहीये. करारात काय लिहून घ्यायचं आणि कोणता पर्याय बरा, अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

पणजीचा मुनीम:
ताई, एजन्सी क्षणभर बाजूला ठेवा. गोव्याबाहेर कुरियरनं माल विकला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिथे उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नंबर लागतो. काँपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत गेलात तर राज्याबाहेर विकताच येत नाही, तेव्हा साधं रजिस्ट्रेशन घ्या. ते घेतलंत की एजन्सीच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा मिळतो, नाहीतर तो सगळा तुमच्या खिशातून. कोटेशनच्या तळाला टॅक्स वेगळा असं बारीक अक्षरात असेलच, बघा.

दुसरं, ट्रेडमार्कचा अर्ज तुमच्या नावानं करा, एजन्सीच्या नावानं अजिबात नको. छोट्या धंद्याला ऑनलाइन ४५०० रुपये, तेही दर क्लासला, म्हणजे मालाच्या प्रत्येक वर्गाला. सरबताचा अर्क ३२ मध्ये येतो, सुकवलेलं फळ म्हणजे तुमची सोलां २९ मध्ये. नाव पक्कं करण्याआधी रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, ते स्वतः बसून करा. आणि 'गोवा कोकम' छाप नाव घेऊ नका, माल काय नि कुठला एवढंच सांगणारं नाव सहसा अडकतं.

लोगोचं तर लोकांना माहीतच नसतं. बाहेरच्या डिझायनरनं काढलेल्या लोगोचा कॉपीराइट पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा झाला असं धरून चालू नका. हक्क लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कॉपीराइट कायद्याचं कलम १९, वकिलाला एवढं म्हटलं की कळेल.

डायलाइन:
मी पॅकेजिंगमध्ये आहे. आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही, पत्र्याचं झाकण लावलंत तर काही महिन्यांत कडेनं गंज धरेल, प्लॅस्टिकचं घ्या. कागदी स्टिकर फ्रिजमधल्या ओलीनं सुटतो, पीपीचा म्हणजे प्लॅस्टिकचा घ्या, थोडा महाग पडतो पण बाटली बाहेर काढल्यावर लेबल हातात येत नाही.

सोलांच्या पाऊचला लगेच ग्रॅव्हुअर छपाई करू नका, त्यात प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर (छपाईचा रूळ) करावा लागतो आणि पुढे साधा पत्ता बदलला तरी नवा खर्च. सुरुवातीला प्लेन पाऊचवर स्टिकर बास. कधी सिलिंडर केलेच तर ते कोणाचे, दुसऱ्या छापखान्यात नेता येतील का, हे आधी लिहून घ्या.

आणि कॉपीरायटरवर लक्ष ठेवा. कोकम म्हटलं की त्यांना हटकून 'वजन घटवा', 'अॅसिडिटी बरी करा' सुचतं. रोग बरा होतो असं खाण्याच्या लेबलवर लिहायची सोय नाही, आणि नोटीस आली तर ती लेबलवर ज्याचं नाव त्याला येते, एजन्सीला नाही.

भाटकार:
बाकी सगळं बरोबर आहे पण बारा महिन्यांचा रिटेनर हवाय कशाला ते मला कळलं नाही. भिरंडां पिकतात एप्रिल-मेत, मिरगाआधी सगळं काढून मिठात घालायचं, माल मोजका. दिवाळीपर्यंत आगळ संपलं तर पुढे एजन्सी जाहिरात कसली करणार, रिकाम्या बाटलीची? त्यात टक्केवारी खर्चावर, म्हणजे तुमचे पैसे जितके जास्त उडतील तितकं त्यांचं भलं. आधी वाड्यावर किती बाटल्या होतात ते मोजा, मग सीझनपुरतं काम द्या. आमच्या भावाचं पेज एका एजन्सीच्या लॉगिनमध्ये होतं, करार मोडला तसं पेजही गेलं, फॉलोअर्ससकट. अकाउंट स्वतःच्या नावानं उघडा आणि त्यांना पार्टनर म्हणून अॅक्सेस द्या, काम संपलं की काढून घ्यायचा.

धागाकर्ती:
देव बरें करूं सगळ्यांचें! जीएसटीचं खरंच डोक्यात नव्हतं. मुंबईवाल्यांना काल फोन केला, अकाउंट आमच्या नावानं चालेल म्हणाले, सीझनपुरतं काम नको म्हणाले. त्यामुळे पणजीवालीकडेच वळतोय. फक्त ती इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमधल्या ओपन (बदल करता येणाऱ्या) फाइलचे वेगळे पैसे मागतेय, हे नॉर्मल आहे का?

डायलाइन:
हो, बरेच जण घेतात. रक्कम आत्ताच कोटेशनमध्ये टाकून घ्या आणि शेवटचा हप्ता फाइल हातात आल्यावरच द्या. छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) फाइल हवी, फॉन्ट आउटलाइन केलेली (अक्षरांचे आकार झालेली, मजकूर बदलता न येणारी) एक प्रत आणि न केलेली एक. मराठी मजकूर असेल तर दुसरी लागतेच, नाहीतर पुढच्या वर्षी एमआरपीशेजारचा एक शब्द बदलायलाही तिच्याकडेच जावं लागेल.