उत्स्फूर्त संगीतासोबत कविता : शब्द उरतात तरी का?

शब्दवेडा
प्रायोगिक काव्यसादरीकरण म्हटलं की कवीच्या मागे सॅक्सोफोन, ड्रम, एखादा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि तालीम शून्य. वर 'सगळं त्या क्षणी घडतं' असं कौतुकाने सांगायचं. माझ्या मते यात कवितेचा बळी जातो. वादकाला जे सुचेल ते तो वाजवतो, कवीच्या हातात मात्र ठरलेल्या ओळींचा कागद. मग ऐकू जावं म्हणून कवी आवाज चढवतो आणि थोड्याच वेळात प्रत्येक ओळीची घोषणा होते.

हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही. १९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द सेलर' या जॅझ क्लबमध्ये केनेथ रेक्स्रॉथ आणि लॉरेन्स फर्लिंगेटी या कवींनी जॅझसोबत कविता वाचल्या, त्याची रेकॉर्डही निघाली. पुढे खुद्द फर्लिंगेटींनीच तक्रार केली, की वादकांना फक्त वाजवायचं असतं आणि बिचारा कवी नाक्यावर मासे विकणाऱ्यासारखा ओरडत राहतो. करून बसलेला माणूसच असं म्हणतोय, तर आपण टाळ्या कशाला पिटायच्या?

तिहाई
मासेवाल्याचा दाखला सगळेच देतात. त्याच जागी वाचणारे रेक्स्रॉथ तालमीसाठी अडून बसायचे, हे कोणी सांगत नाही. उत्स्फूर्त म्हणजे बिनतयारीचं नव्हे हो. मी ड्रमवर बसतो. कवी श्वास कुठे घेतो, ओळ कुठे मुद्दाम अर्धी सोडतो, हे आधी कानात बसवावं लागतं, तेव्हा कुठे ऐनवेळी हात मोकळा सुटतो. आणि कवीला मोकळीक नाही हेही खरं नाही. अमेरिकन कवयित्री जेन कॉर्टेझ 'फायरस्पिटर्स' या आपल्या बँडसोबत वाचायच्या, ते ऐका. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला तिचा रोख बदललेला असतो. ड्रमवर त्यांचाच मुलगा, डेनार्डो कोलमन. इथे कोण कोणाची साथ करतंय ते सांगून दाखवा!

फेडर
निम्मं भांडण साउंडचं आहे. व्यंजनं स्पष्ट कळतात ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ड्रमच्या झांजा (सिंबल) व सॅक्सोफोन नेमके तिथेच घुसतात. काठ्यांऐवजी ब्रश घ्या, सॅक्सवाल्याला माइकपासून लांब उभा करा. कवीला ओरडावं लागणार नाही.

शब्दवेडा
फेडर, ऐकू येईल, पण मनात मुरेल का? कागदावर मी एका ओळीपाशी थांबू शकतो. इथे मागून रेटा चालूच.

मागची रांग
सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट कशाला? संगीतकार शोनबर्गने १९१२ मध्ये 'पिएरो ल्युनेर'मध्ये २१ जर्मन कवितांना बोलणं आणि गाणं यांच्या मधला आवाज दिला. जर्मन न समजणारेही आजवर ऐकतायत.

शब्दवेडा
आभारी आहे, माझंच काम केलंत. शोनबर्गचा स्वरन् स्वर लिहिलेला आहे. यात उत्स्फूर्त काय?

तिहाई
बरं, मग १० फेब्रुवारी १९७१ घ्या. न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये पॅटी स्मिथ कविता वाचत होत्या आणि लेनी के गिटारवर. एका कवितेत गाडीचा अपघात आहे, तो लेनींनी गिटारच्या फीडबॅकमधून, म्हणजे स्पीकरजवळ गिटार नेल्यावर उठणाऱ्या कर्कश आवाजातून उभा केला. शब्द थांबले तिथून गिटार पुढे गेली. हे कागदावर कसं होणार?

शब्दवेडा
ते मान्य. पण तिथे दोनच माणसं होती आणि कुठे काय हवं हे आधी बोललेलं होतं. माझा आक्षेप पाच जणांच्या त्या जत्रेला आहे, जिथे शांत राहणं म्हणजे हरणं असं प्रत्येकाला वाटतं. कवीने हात वर केला की सगळ्यांनी गप्प बसायचं, एवढा एक नियम करा, मी पहिल्या रांगेत येऊन बसतो.

तिहाई
नियम कबूल. पण मग कवीनेही कागद खाली ठेवायचा. वादकाने काही वेगळं काढलं तर एखादी ओळ गाळायची, एखादी तिथल्या तिथे जोडायची. आहे तयारी?

शब्दवेडा
नाही. ती ओळ घासूनपुसून तिथवर आलेली असते, तुमचा ड्रमवरचा रोल त्या क्षणी सुचलेला. दोन्हींचं वजन सारखं धरायला मी तयार नाही.