इंजिन ऑइल नक्की कुठून गळतंय? ठाण्यात कोणी नीट शोधून देणारा मेकॅनिक आहे का?

नमस्कार मंडळी, बाबांची 2006 ची पेट्रोल गाडी आहे, अजूनही रोज कोलशेत ते ठाणे स्टेशन चालते आणि आम्हाला ती विकायची नाहीये. हल्ली पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पडायला लागलेत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जॉइंटखाली. घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलो की जळका वास पण येतो.

एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेऊन लगेच सांगितलं की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण मला शंका वाटते कारण टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यात, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, बोट फिरवलं तर ताजं ऑइल लागतं, आणि तिथून ब्लॉकवरून ओघळत तेच खाली येत असेल ना? खालून बघितलं तर दोन्ही लीक सारखेच दिसणार. बाजूचा ऑइल प्रेशर स्विचपण ओला आहे. ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लग मात्र कोरडे.

माझा विचार असा की आधी डिग्रीझर मारून इंजिन स्वच्छ धुवायचं, मग टाल्कम पावडर लावून थोडं चालवून बघायचं, म्हणजे ऑइल कुठून येतंय ते पावडरवर दिसेल. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणारा गॅस काढून टाकणारा) चोक असेल तर आत प्रेशर वाढून नवीन पॅकिंगही गळतं असं ऐकलंय, तो घरी काढून साफ करता येतो का? आणि यूव्ही डाय (अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली चमकणारा रंग) ऑइलमध्ये टाकून लीक शोधणारा कोणी माजिवडा, कळवा किंवा ऐरोली साइडला असेल तर प्लीज सांगा, गिअरबॉक्स उघडायच्या आधी खात्री करायचीय.