कॅम्पबेलटाउन: तीनच डिस्टिलऱ्या, तरी स्वतंत्र प्रदेश कसा?

रानवाटा:
ऑक्टोबरात ग्लासगोला मुलीकडे जातोय. मागे मित्राकडे स्प्रिंगबँक ही स्कॉच व्हिस्की चाखली होती. बाटलीवर प्रदेशाचं नाव 'कॅम्पबेलटाउन'. शोधलं तर स्कॉटलंडच्याच स्पेसाइड प्रदेशात पन्नासेक डिस्टिलऱ्या (व्हिस्की गाळण्याचे कारखाने), आणि इथं स्प्रिंगबँक, ग्लेन स्कोशिया, ग्लेनगाइल अशा तीनच. मग एवढ्याशा गावाला स्कॉच व्हिस्कीच्या नियमात वेगळं स्थान कसं? आणि मुद्दाम जाण्यासारखं आहे का? जावई म्हणतो, "बाबा, फार लांब पडेल."

ग्लासगोकर:
लांब आहे, पण जाच. मी अकरा वर्षं ग्लासगोत राहतो, दोनदा जाऊन आलोय.

हे गाव पश्चिम स्कॉटलंडमधल्या किंटायर द्वीपकल्पाच्या पार टोकाशी आहे. एकेकाळी इथं तीसहून जास्त डिस्टिलऱ्या होत्या. 1880च्या दशकात आल्फ्रेड बार्नार्ड हा लेखक ब्रिटनभरच्या डिस्टिलऱ्या बघत फिरला, तेव्हा त्याला या एका गावात 21 चालू सापडल्या. बंदर दाराशी, कोळशाची खाण जवळ, बार्ली आजूबाजूच्या शेतांतली. मग सगळंच उलटं फिरलं. मालाला उठाव नसताना उत्पादन वाढलेलं, घाईत दर्जा घसरला, ब्लेंड करणारे (वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून विकणारे) स्पेसाइडच्या हलक्या व्हिस्कीकडे वळले. 1920 साली अमेरिकेत दारूबंदी आली, पुढे खाणही बंद पडली. 1934 नंतर उरल्या दोन, स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया.

दोनच उरल्यावर 'हा वेगळा प्रदेश कशाला?' अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा दक्षिण स्कॉटलंडच्या लोलँड्समध्ये तीन चालू होत्या आणि तो प्रदेश मानला जात होता. स्प्रिंगबँकचे मालक हेडली राइट यांनी ठरवलं, मग आपणही तिसरी काढू. ग्लेनगाइल 1872 साली त्यांच्याच घराण्यातल्या विल्यम मिचेल यांनी काढली होती आणि 1925 मध्ये ती बंद पडली होती. त्या रिकाम्या इमारतीत बेन वायव्हिस या बंद डिस्टिलरीच्या जुन्या तांब्याच्या भट्ट्या आणून बसवल्या आणि 2004 मध्ये उत्पादन सुरू केलं. ग्लेनगाइल हे नाव दुसऱ्या एका व्हिस्कीला आधीच दिलेलं होतं, म्हणून बाटलीवर 'किलकेरन' आलं. ते गावाच्या जुन्या गेलिक नावातून घेतलंय. स्कॉच व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांत कॅम्पबेलटाउनचं नाव पाच संरक्षित नावांमध्ये आहे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. स्प्रिंगबँक स्वतःला लागणाऱ्या सगळ्या बार्लीला आजही जमिनीवर पसरून मोड आणते. मी गेलो तेव्हा एक कामगार लाकडी फावड्यानं ती उलटत होता. तसं केलं नाही तर मोडांची मुळं एकमेकांत गुंततात आणि ढीग तापतो. त्यानं एक दाणा हातावर ठेवला. चावला तर गोडसर लागला. आणि खोलीभर तोच वास होता, आईनं नाचणी मोड आणायला ओल्या फडक्यात बांधली की घरात यायचा तो! मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

पुढे हीच बार्ली तीन वेगळ्या व्हिस्कींसाठी तीन वाटांनी जाते. स्प्रिंगबँकसाठी पीटचा (दलदलीतून काढलेल्या, जळणाऱ्या मातीचा) धूर थोडा वेळ, लाँगरोसाठी दोन दिवस, हेझलबर्नसाठी अजिबात नाही. लाँगरो आणि हेझलबर्न ही गावातल्या बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांची नावं आहेत. शेजारी गेले, पण त्यांची नावं यांनी बाटल्यांवर जपली. मला याचं फार मोल वाटतं.

पिंपळपान:
हेरिंग माशांच्या पिंपांत व्हिस्की भरली म्हणून गाव बुडालं, असं ऐकलंय. खरं का?

ग्लासगोकर:
ही गोष्ट सगळीकडे सांगतात, मला पटत नाही. वर सांगितलेली कारणं पुरेशी आहेत. माशांच्या वासाची गोष्ट रंगतदार आहे म्हणून टिकली.

साकुरा_पुणे:
एक भर घालते. जपानच्या निक्का या व्हिस्की कंपनीचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरू 1920 साली याच गावात, मूळच्या हेझलबर्न डिस्टिलरीत काम शिकले आणि 1934 मध्ये त्यांनी जपानच्या होक्काइडो बेटावर योइचीला स्वतःची डिस्टिलरी काढली. म्हणजे इथं एकेक डिस्टिलरी बंद पडत होती, तेव्हा इथली विद्या होक्काइडोत रुजत होती.

रानवाटा:
मन वळलं. गाडीनं जावं का?

ग्लासगोकर:
निघताना लॉक लोमंड या सरोवराच्या काठाकाठानं जाल, पुढे समुद्र सोबतीला. रस्ता वळणाचा आहे, चार तास धरा. विमान अर्ध्या-पाऊण तासात पोचवतं, पण मग हा रस्ता चुकेल. स्प्रिंगबँकची फेरी आधीच नोंदवा, आयत्या वेळी जागा मिळत नाही. ग्लेनगाइल अगदी शेजारी आहे, ग्लेन स्कोशिया चालत गाठता येते. जावई गाडी चालवणार असतील तर त्यांनी तिथं घोटही घेऊ नये. स्कॉटलंडमध्ये मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल. चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून द्यायला सांगा, रात्री मुक्कामावर उघडता येईल.