एका कंपनीचा डेटा घेऊन भूजलासारख्या मोठ्या प्रश्नावर पीएचडी करता येते का?

भूजल_विद्यार्थिनी:
व्यवस्थापनशास्त्रात पीएचडी करतेय. विषय: कारखाने आणि भूजल. ज्या कंपनीचे अहवाल मला मिळालेत, तिचा एक टन मालामागचा पाणीवापर दरवर्षी कमी होतोय. पण त्याच परिसरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी खाली चाललीय. दोन्ही आकडे मी तपासलेत, दोन्ही खरे आहेत. मार्गदर्शक म्हणतात, "जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर, हा भूगर्भशास्त्राचा विषय. तुम्ही कंपनीपुरतं बघा, नाहीतर प्रबंध संपायचाच नाही." त्यांची काळजी कळते. पण कंपनीपुरतं बघितलं तर माझा प्रश्नच गायब होतो. आवाका ठरवायचा कसा?

आकडेशास्त्री:
मार्गदर्शकांचं ऐका. एक कंपनी, स्वच्छ डेटा, वेळेत पदवी. मोठे प्रश्न नंतर.

प्राध्यापक_संघटनशास्त्र:
मी हाच विषय शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे दोन आकडे जिथे एकमेकांच्या विरोधात जातात, तिथेच तुमचा प्रबंध आहे. टनामागे पाणी कमी लागलं, पण उत्पादन त्याहून वेगानं वाढलं, तर एकूण उपसा वाढतोच. शिवाय शेजारचे किती उपसतात, यासाठी कंपनीच्या अहवालात रकानाच नसतो. संस्थेला एखादा प्रश्न दिसतो की नाही, हे ती किती बारकाईनं आणि किती दूरवर बघते यावर ठरतं, असं बन्सल, किम आणि वुड या व्यवस्थापन-संशोधकांनी 2018 मध्ये मांडलं. आपलं व्यवस्थापनशास्त्रातलं संशोधनही बहुतेकदा कंपनीच्याच खिडकीतून बघतं. जे कंपनीला दिसत नाही ते मग आपल्यालाही दिसत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

"संपायचाच नाही" हे मात्र खरं आहे. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी 1973 मध्ये लिहिलं होतं की अशा गुंतागुंतीच्या सामाजिक प्रश्नांत "आता सुटला, थांबा" अशी खूण नसते. माणूस थांबतो तो वेळ, पैसा किंवा धीर संपला म्हणून. त्यामुळे हद्द आपणच आखायची. पण ती कंपनीच्या फाटकापाशीच का?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची 1965 ची पीएचडी बघा, विषय जवळजवळ तुमचाच. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजलाच्या खोऱ्यात अतिउपशामुळे समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरत होतं. शहरं, पाणीपुरवठा कंपन्या, कारखाने, सगळ्यांच्या विहिरी एकाच जलधरात. आपण उपसा थांबवला तर शेजारी उपसणार, मग एकट्यानं का थांबायचं? शेवटी उपसा करणाऱ्यांनी संघटना केली, न्यायालयात दावा चालू असतानाच उपसा घटवायची तडजोड केली. पुढे पुनर्भरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींतून गोडं पाणी आत सोडून खारं पाणी अडवलं गेलं. ऑस्ट्रॉमबाईंनी अभ्यासाला घेतलं ते हे एक खोरं. 2009 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोचलेल्या त्यांच्या कामाची मुळं तिथं आहेत. आणि हो, ती पीएचडी पूर्णही झाली.

आरोग्य_कार्यकर्ता:
सर, एका खोऱ्याचा अभ्यास जगाला किती पुरणार? संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची 17 ध्येयं आहेत, 169 लक्ष्यं आहेत. कोट्यवधी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर तुमचं संशोधन काय सांगतं?

प्राध्यापक_संघटनशास्त्र:
तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 1980 ते 1990 या काळात सुमारे 1 कोटी 20 लाख घरांत जाऊन आयांना अतिसारावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. कार्यकर्त्या घरोघर जायच्या. नंतर दुसरी माणसं त्यातल्या काही घरांत जाऊन आईला नीट आठवतंय का ते तपासायची, आणि शिकवणारीचा मोबदला त्या उत्तरांवर ठरायचा. किती घरं झाली, एवढंच मोजलं असतं तर घाईघाईनं शिकवून पुढे जाणं सोपं होतं. व्याप एवढा वाढला तरी तपास एका आईच्या आठवणीपाशीच राहिला, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. असे कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर कसे न्यायचे यावरच्या पुष्कळ लेखांत फक्त पोहोच मोजलेली असते.

संघटनशास्त्राचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी 1984 मध्ये म्हटलं की प्रश्न फार मोठा करून मांडला की माणसं गांगरतात, म्हणून छोटे विजय मिळवा. मला ते निम्मंच पटतं. वर विद्यार्थिनीनं सांगितलेल्या कंपनीनं टनामागे पाणी वाचवलं हाही छोटा विजयच आहे; विहिरीची पातळी मात्र खालीच जातेय. छोट्या पावलांसोबत मोठा आकडा कोणीतरी बघत राहायला हवा.

भूजल_विद्यार्थिनी:
म्हणजे अभ्यासाचं एकक कंपनी नाही, भूजलाचं खोरं घ्यायचं. पण बाकीच्या कंपन्या उपशाचे आकडे देणार नाहीत.

प्राध्यापक_संघटनशास्त्र:
थेट आकडे मिळाले नाहीत तर पंपांच्या वीजवापरावरून उपशाचा अंदाज काढता येतो. पाण्याची खोली आणि पंपाची कार्यक्षमता तेवढी नोंदवा. त्याआधी एक काम करा. त्या जलधरावर कोणाकोणाच्या विहिरी आहेत आणि ही मंडळी आजवर कधी एकत्र बसलीत का, याची यादी करा. मार्गदर्शकांना कंपनीच्या अहवालासोबत तीच दाखवा. तुमची कंपनी प्रबंधात राहीलच, खोऱ्यातल्या अनेकांपैकी एक म्हणून.