मदत हवी आहे: हलक्या रेड वाईनबरोबर ताटात काय वाढू?

नमस्कार मंडळी,

रविवारी गंगापूर रोडला आमच्याकडे आठ जण जेवायला आहेत. थोरल्या भावाने फ्रान्सहून बोजोले या हलक्या रेड वाईनच्या बाटल्या आणल्यात, गामे द्राक्षाच्या. नाशकात रेड म्हटलं की आपल्याला शिराझ नाहीतर कॅबरने आठवते, तोंड आवळणारी. ही अगदीच वेगळी. एक उघडून पाहिली: रंग पातळ, माणकासारखा, लाल फळांचा वास, छान आंबटपणा आणि तुरटपणा जवळपास नाहीच. हा तुरटपणा आणणारं टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. बोजोलेत मात्र बहुधा अख्खे घडच टाकीत घालतात, दाण्याच्या आतच आंबणं सुरू होतं, म्हणून ही इतकी मऊ.

गेल्या दिवाळीत मी काळ्या मसाल्याच्या मटण रश्श्याबरोबर शिराझ दिली. तिखट असं भडकलं की सासऱ्यांनी पेला बाजूला ठेवला. टॅनिन आणि अल्कोहोल, दोन्ही तिखटाची आग वाढवतात हे तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं होतं, म्हणून यंदा आधीच विचारतेय.

वाईन 12 ते 14 अंशांवर, किंचित गार द्यायची हे ठरलंय. जेवणात खानदेशी भरीत करावं असं मनात आहे, मिरची बेतानं घालून. भाजल्या वांग्याचा धुरकटपणा तिला शोभेल. पण आई म्हणते, पातीचा कांदा आणि लसूण तिची चवच मारतील. कोणी करून पाहिलंय का? सोबत ओल्या खोबऱ्यातलं कोंबडीचं सुकं चालेल, की मटणच सौम्य करू?