अनुभव धागा: तिसऱ्याला मत दिलंत, तिसऱ्याचं काम केलंत, की स्वतःच तिसरे होतात?

निकालाच्या दिवशी सगळे पहिल्या दोघांकडे बघतात. पण ग्रामपंचायतीतलं तिसरं पॅनल, महापालिकेतला बंडखोर, लोकसभेतली छोटी आघाडी यांच्यामुळे काय घडलं-बिघडलं, ते जवळून बघितलेल्यांनी लिहा. नुसतं 'मतं खाल्ली' नको. कुणाची खाल्ली, कशी खाल्ली ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. 2019, औरंगाबाद लोकसभा. मी ट्रॅक्टरवाल्या अपक्षाला, म्हणजे हर्षवर्धन जाधवांना मत दिलं. त्यांना 2 लाख 83 हजारांवर मतं पडली आणि एमआयएमच्या इम्तियाज जलील यांनी शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंना साडेचार हजारांच्याही आत पाडलं. काका चार महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, तुम्ही पोरांनी खैरेंना घरी बसवलं. आता मला खैरेंना मत द्यायचंच नव्हतं. जाधव उभे नसते तर मतदानाला गेलोच नसतो. मग खाल्लं कुणाचं?

पारावरचा
आमच्याकडं थेट सरपंच यायच्या आधीची गोष्ट. ग्रामपंचायत नऊ जागांची. दोन्ही पाटलांची पॅनलं चार-चार, आणि वस्तीवरच्या तिसऱ्या पॅनलचा एकच गडी निवडून आला, शिट्टी चिन्हावर. प्रचारात त्याला कुणी चहा विचारला नव्हता. निकालाच्या रात्री दारात दोन गाड्या. एकीकडून सहलीचं आमंत्रण, दुसरीकडून उपसरपंचपद. गड्यानं दोघांनाही एकच सांगितलं, 'आधी वस्तीला पाइपलाइन, तीपण ठरावाच्या वहीत लिहून.' ज्यांनी लिहून दिलं त्यांचा सरपंच झाला. पाणी यायला दीड वर्ष लागलं, पण आलं. वस्तीची मतं तीनशेच्या आतली. ती दोन पॅनलांत वाटली गेली असती, तर वस्ती अजून हंडे वाहत बसली असती.

ड्यूटीवाला मास्तर
तुमचं लोकशाहीचं कौतुक आमच्या खांद्याला कळतं. एका बॅलेट युनिटवर 'नोटा' धरून 16 बटणं. सोळावा उमेदवार रिंगणात राहिला की दुसरं युनिट उचला. एक आजोबा आत येऊन विचारतात, 'दोन मशिनी, म्हंजे दोन मतं का?' समजावेपर्यंत मागची रांग ओरडायला लागते.

उमेदवाराची बायको
2017, महापालिका, चार जणांचा प्रभाग. नवरा एकटाच अपक्ष. अशा प्रभागात मतदाराला चार मतं, त्यामुळे दारोदार आम्ही एवढंच म्हणायचो, 'तीन तुमच्या पक्षाला द्या, एक आम्हाला.' लोक हो म्हणायचे. आत गेल्यावर मात्र ओळीनं एकच चिन्ह दाबून मोकळे. मोठ्या पक्षांचा प्रचारच तसा, चारही बटणं एका झटक्यात. माघारीच्या आदल्या दिवशी 'बसा' म्हणून दोघं येऊन गेले. सोफ्यावर एक पाकीट विसरल्यासारखं ठेवलेलं. सासूबाई ते घेऊन जिन्यापर्यंत धावल्या. अनामत गेली. ती वाचवायला लागतात तेवढ्या मतांच्या आम्ही जवळपासही नव्हतो. पण पडलेल्या पक्षाचा उमेदवार अजून रस्त्यात तोंड फिरवतो, म्हणजे काहीतरी केलं असणार.

जुना मनसैनिक
2009 च्या लोकसभेला मुंबईतल्या सहाही जागा शिवसेना-भाजप युतीच्या हातून गेल्या आणि खापर आमच्यावर फुटलं. 'मतं खाणारे' हे नाव तेव्हाच पडलं. 2012 ला नाशिक महापालिकेत 40 नगरसेवक आणि महापौर आमचा झाल्यावर तेच लोक पेढे खायला आले. नंतर ते का टिकलं नाही, हा वेगळा धागा होईल, आणि त्यात माझं तोंड उघडू नका.

सातारकर
2024. आजीला महिनाभर शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह शिकवलं, 'तुतारी वाजवणारा माणूस.' बाहेर येऊन म्हणाली, 'दाबली बघ तुतारी. पर मानूस न्हवता दिसला.' आमचे चेहरे पडले. साताऱ्यात आमचे शशिकांत शिंदे 32,771 नं पडले आणि तुतारीसारखंच दिसणारं पिपाणी चिन्ह असलेल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं. त्या अपक्षाला स्वतःची मतं नव्हती असं मी म्हणणार नाही, पण एक तरी आमच्या आजीचं होतं. दिंडोरीत तर पिपाणीला लाखावर पडली, आडनावही सारखंच, भगरे. तरी आमचे खरे भगरे निवडून आले.

बूथ एजंट
मी एका छोट्या पक्षाचा. दिवसभर बाकावर बसलो, दुपारी समोरच्या पक्षवाल्यानं त्याच्या डब्यातली भाकरी दिली. 'तुझ्यामुळं आमची चार कमी होतील, तरी खा,' म्हणाला. मोजणीला माझ्या बूथवर 11 निघाली. घरची सहा, मित्रांची चार. अकरावं कुणाचं, ते अजून शोधतोय.