अनुभव लिहा: सॉफ्टबॉल खेळता खेळता शिकवायला लागलात, तेव्हा काय झालं?

अकरा वर्षं मी कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरनं टाकलेले चेंडू झेलणारी. आता सहा वर्षं शिकवते आहे. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "ताई, बंट येणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?" बंट म्हणजे जोरात न मारता बॅटनं हलकेच पुढ्यात टेकवलेला चेंडू. मला सांगता आलं नाही. कळायचं, एवढंच माहीत होतं. त्या रात्री डोळे मिटून होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेमागे, बसल्याची कल्पना केली, तेव्हा एकेक आठवत गेलं. बॅटरचे खांदे पिचरकडे उघडायला लागतात, वरचा हात बॅटवरून पुढे सरकतो, गुडघे वाकतात. अंगाला इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट शब्दांत आणायला मला एक रात्र लागली, आणि अशा शेकडो गोष्टी अजून बाकी होत्या.

खेळता येतं म्हणजे शिकवताही येईल, असं मी धरून चालले होते. तुम्हीही त्या वाटेनं गेला असाल तर लिहा. पदकांबद्दल नको, मधल्या काळाबद्दल लिहा.

*

मी पिचर. खांद्यानं तेविसाव्या वर्षी खेळ थांबवला. "आपला हात खालून येतो, खांद्याला काही होत नाही," असं आम्हाला सगळे सांगायचे. ते साफ चूक आहे. विंडमिलमध्ये, म्हणजे आमच्या चेंडू टाकण्याच्या पद्धतीत, हात पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू सुटताना खांद्याच्या पुढच्या बाजूला जबरदस्त ताण येतो. पण तसं मानलंच जात नसल्यामुळे आमचे चेंडू कुणी मोजले नाहीत. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा, उद्या पुन्हा मीच.

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत तीन सामने टाकले, एकूण ४१३ चेंडू. अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ हरवलं. तेव्हा तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. रोज बघायचे. तेरा वर्षांनी टोकियोत, वयाच्या ३९व्या वर्षी, तिनं पुन्हा सुवर्ण जिंकलं. तिच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीला मी तो आकडा सांगत नाही. माझ्या आजच्या वहीत प्रत्येक पिचरचे चेंडू असतात, सरावातले आणि वॉर्मअपमधलेसुद्धा. चांगलं टाकत असताना मुलीला बाहेर काढलं की पालक चिडतात. मी वही पुढे करते. कुणाला पटतं, कुणाला नाही. मुलगी मात्र बाहेरच बसते.

*

मी शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. माझी अडचण उलटी होती, मला बोलायची गरजच वाटायची नाही. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, कसा घ्यायचा? मी घेऊन दाखवायचो. डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना आउट करणं? मीच धावायचो. महिनाभरानं लक्षात आलं, पोरं कौतुकानं बघताहेत आणि सरावात सगळ्यात जास्त चेंडू मीच उचलतोय. ग्लोव्ह घरी ठेवून गेलो, तो दिवस फार जड गेला. हातांचं काय करायचं ते कळेना. पण त्याच दिवशी पहिल्यांदा दिसलं की आमचा सेकंड बेसमन चेंडू येण्याआधी टाचांवर उभा असतो.

*

माझं ऐन खेळायचं वय २०१२ आणि २०१६च्या मधलं. तेव्हा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हता. टोकियोला परत आला तोवर मी थांबले होते. त्या वेळी जपानच्या प्रशिक्षक होत्या रेइका उत्सुगी. त्यांनी खेळाडू म्हणून २००० मध्ये रौप्य आणि २००४ मध्ये कांस्य घेतलं होतं. सुवर्ण मिळालं ते प्रशिक्षक म्हणून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांजवळ, उभं राहून. तो सामना बघताना मी खूप रडले, आणि दुसऱ्या दिवशी शिकवायला हो म्हटलं. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा आहे. माझ्याकडच्या दोघी तेव्हा ऐन भरात असतील. त्यांना हे सांगताना माझा आवाज बदलतो, असं त्या म्हणतात.

*

उशिरा लिहितेय. मी आउटफिल्डर, मैदानाच्या दूरच्या भागात खेळणारी. आता प्रशिक्षक म्हणून तिसऱ्या बेसजवळ आखलेल्या चौकटीत उभी राहते. ज्यांनी तिथे काम केलंय त्यांना माहीत आहे, रनर चेंडूकडे बघत नाही, आपल्या हाताकडे बघतो. हात गोल फिरवला की रन काढायला होमकडे धाव, दोन्ही तळवे पुढे धरले की थांब.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग, एका रननं मागे, दोघी आउट. चेंडू लेफ्ट फिल्डला गेला. दुसऱ्या बेसवरून आमची मुलगी निघाली आणि मी हात फिरवला. फिल्डरचा हात कसा आहे हे मला माहीत होतं, दोन वेळा पाहिलं होतं. तरी फिरवला, कारण मी असते तर पोहोचले असते. ती प्लेटच्या चार पावलं अलीकडे आउट झाली. सामना गेला.

खेळाडू असताना चूक माझी असायची आणि खरचटायचं मलाच. इथे चूक माझी आणि गुडघा तिचा सोललेला. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "तू बरोबर धावलीस. चुकीचं मी पाठवलं." ती काही बोलली नाही. मग आठ दिवस मी स्वतःच्या वेगानं हिशोब करायची सवय मोडत बसले. सरावात एकेकीला दुसऱ्या बेसवरून होमपर्यंत धावायला लावलं, वेळ घेतली, पाठ केली.

पुढच्या सामन्यात पुन्हा तीच दुसऱ्या बेसवर होती. हिट बसली. ती पुन्हा माझ्याकडे बघेल की स्वतःच ठरवेल, याची मला धाकधूक होती. तिसऱ्या बेसकडे येताना तिनं मान वर केली आणि माझ्या हाताकडे बघितलं. मी दोन्ही तळवे पुढे धरले. ती थांबली.